पुढच्या रविवारी

नायगावच्या त्या चाळीत सकाळी दूध करपल्याचा वास सुटला, की तिसऱ्या मजल्यावरची माणसं समजून जात, भिवाबाबा उठले. त्या दिवशीही तसंच झालं. भिवाबाबांनी पातेलं गॅसवर ठेवलं. तेवढ्यात त्यांना गॅलरीतल्या मोगऱ्याला पाणी घालायचं आठवलं. पाणी घालता घालता शेजारच्या मनूच्या रेडिओची खरखर कानावर आली आणि बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन मनूच्या दारात जाऊन बसले. दूध उतू गेलं, आटलं आणि शेवटी तळाला लागलं.

“झालं,” त्यांची सून वैशाली पातेलं मोरीत ठेवत म्हणाली. “बाबा, किती वेळा सांगितलं, गॅसजवळ जाऊ नका.”

“रेडिओ चालू झाला पण,” भिवाबाबा म्हणाले.

भिवाबाबांनी सत्तरी ओलांडली होती, त्यामुळे लोक म्हणायचे, वय झालं. पण हे वयाबरोबर आलेलं नव्हतं, आणि हे सांगायला कुणी मोठा विद्वान लागत नाही, त्यांच्या शाळेतला एखादा सोबती पुरे. शाळेत हा पोरगा बाकावर टेकतच नसे. मास्तरांनी छड्या मारल्या, कोंबडा केलं, वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभं केलं की स्वारी मैदानात. पुढे गिरणीत लागले, तेव्हा साचाखात्यात या मागावरून त्या मागाकडे दिवसभर चालायचं काम त्यांना असं मानवलं की मुकादम त्यांची पाठ थोपटायचा. गिरणी बंद पडल्यावर पाइपांची गळती शोधत गल्ल्या तुडवायचं काम मिळालं, तेही झकास जमलं. मग पाय थकले. माणूस खुर्चीत बसायला लागला आणि सगळ्यांना वाटलं, भिवा शांत झाला. कसला शांत? पायांतली धावपळ डोक्यात जाऊन बसली होती, एवढंच.

आणि या सगळ्याला सावरून धरणारी एक बाई होती, त्यांची बायको. कमळाबाई. भिवाबाबा बौद्धाचार्य होते. परळपासून वरळीपर्यंत किती जोडप्यांची लग्नं त्यांनी लावली असतील. आवाज असा, की त्रिशरण सुरू झालं की हॉलमधली पोरंसोरंही गप्प बसायची. पण मधेच एखादा विचार सुचला की गाडी रुळावरून उतरे. मग पहिल्या रांगेत बसलेल्या कमळाबाई हळूच खाकरायच्या. भिवाबाबा लगेच पुढच्या विधीवर यायचे. आयुष्यभर हे असं चाललं आणि कुणाला कळलंही नाही.

कमळाबाई गेल्या. त्यानंतर वर्ष उलटायच्या आतच एका लग्नात भिवाबाबांनी नवऱ्या मुलाकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली, शिक्षणावर दोन शब्द बोलले आणि नवरीची प्रतिज्ञा राहिली ती राहिलीच. हार घातले गेले. मागून कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून चाळीत एक बोलणं फिरायला लागलं, बाबांना विसरण्याचा आजार झाला.

नात संघमित्रा त्यांना परळच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, स्मरणाच्या परीक्षा घेतल्या, मग तपासणी बाजूला ठेवून विचारलं, “बाबा, लहानपणी तुम्ही कसे होतात?” भिवाबाबा तासभर बोलले.

“हा डिमेन्शिया नाही,” बाई शेवटी म्हणाल्या. “यांना एडीएचडी आहे, लहानपणापासून. मुलांमध्ये तो हातापायांत दिसतो. वय वाढलं की बाहेरची चुळबुळ कमी होते, पण लक्ष सटकणं, कामं अर्धवट राहणं, आतली घाई हे राहतं. कामाचा धबडगा आणि आजींचा आधार होता म्हणून निभावलं. दोन्ही गेले आणि ते उघडं पडलं. यावर उपाय आहेत.”

संघमित्रा खुर्चीत सरसावून बसली. तिचं तर आयुष्यच कुणीतरी वाचून दाखवल्यासारखं झालं होतं. शाळेत ती कधी उड्या मारत नव्हती, खिडकीबाहेर बघत बसायची, म्हणून तिला कुणी मारलं नाही, फक्त ‘वेंधळी’ म्हटलं. पुढच्या महिन्यात तिचीही तपासणी झाली. आजोबांचंच नातीत उतरलं होतं.

आता तिच्या वडिलांविषयी, राजरत्नविषयी. बँकेत अधिकारी, चाळीचा अभिमान, जयंतीला व्यासपीठावर उभा राहिला की ‘सत्याला घाबरू नका’ यावर टाळ्या घेणारा माणूस. त्याने लेकीचं सगळं ऐकून घेतलं, उठून दार लोटलं आणि म्हणाला, “हे या खोलीबाहेर जाता कामा नये.”

“का पण पप्पा? आजोबांना सगळे म्हातारचळ लागला म्हणतात. निदान ते तरी थांबेल.”

“म्हणू दे. म्हातारपण सगळ्यांनाच येतं, त्यावरून कुणी पोरगी नाकारत नाही. हे तुझं इंग्रजी नाव बाहेर काढलंस ना, की लोक आधी आजोबांकडे बघतील, मग माझ्याकडे, मग तुझ्याकडे. त्या मुलाच्या, संघर्षच्या घरचे आठ दिवसांत लग्नाचं बोलायला येतायत. लग्न होऊ दे, मग सांग काय सांगायचं ते.”

वाचकहो, हुंडा मागणारा माणूस आपल्याला लांबून ओळखू येतो. पण पोरीच्या लग्नासाठी घरातलं जितंजागतं माणूस झाकून ठेवायचं, ही चाल आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिला आपण ‘समजूतदारपणा’ म्हणतो. अमक्याची बहीण पाहुणे आले की आतल्या खोलीत, तमक्याचा भाऊ साखरपुड्यापुरता गावाला. राजरत्नला आपण काही वाईट करतोय असं वाटतच नव्हतं.

पाहुणे आले. संघर्षच्या आईने विचारलं, “आजोबा कुठेत?” राजरत्न म्हणाला, “आत पडलेत. वय झालं हो. कधी कधी माणसंही ओळखत नाहीत.” संघमित्रा चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. आत आजोबा दाराच्या फटीतून दिसणाऱ्या पाहुण्यांच्या चपलांवरून कोण किती चालतं याचा अंदाज मनूला सांगत होते. तिने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी तिच्याकडे. मग तिने कप पुढे केले.

एक मात्र तिने हट्टाने मिळवलं, लग्न आजोबाच लावणार. राजरत्न हो म्हणाला. भिवाबाबा तर पोराहून पोर झाले. पांढरा झब्बा लाँड्रीतून आणून खुंटीला लावला. रोज संध्याकाळी नातीला समोर बसवून तालीम सुरू.

“आजी नाय आता,” ते म्हणाले. “तूच खाकरायचं. मी अडकलो की हळूच. नवरी खाकरली तर कोण काय बोलणार नाय, सर्दी झाली म्हणतील.”

“चालेल आजोबा. डन.”

“नवरीची प्रतिज्ञा मी एकदा गिळली. तुझी नाय गिळणार. तेवढं एक लग्न नीट लावू दे मला, मग बसतो घरी.”

लग्नाच्या दोन दिवस आधी राजरत्नने वडिलांना वडाळ्याला बहिणीकडे, बकुळाकडे पोहोचवलं. म्हणाला, घरात पाहुण्यांची गर्दी, तुम्हाला पाठ करायला शांतता हवी. रविवारी बकुळा घेऊन येईल. बाबांना ते पटलं. पोरगा आपल्या तालमीचा विचार करतोय, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

रविवारी सकाळी बकुळा उठली तेव्हा भिवाबाबा आंघोळ करून, पांढरा झब्बा घालून, दाढीबिढी करून खुर्चीत बसले होते. मोबाइलसुद्धा त्यांनी आठवणीने चार्ज केला होता, जो एरवी कायम मेलेला असायचा.

“बाबा, कुठे निघालात?”

“कुठे म्हणजे? लग्नाला.”

बकुळाने पाठ फिरवून चहाचं आधण ठेवलं. “लग्न पुढच्या रविवारी आहे बाबा. हॉलचा घोळ झाला ना. परवा तर सांगितलं तुम्हाला दादाने. तुम्ही हो म्हणालात.”

“मला?”

“माझ्यासमोर. तुम्ही टीव्ही बघत होतात.”

भिवाबाबा आठवू लागले. काही आठवेना. पण ‘तुला सांगितलं होतं’ हे वाक्य त्यांनी मास्तरांकडून, मुकादमाकडून, साहेबाकडून, बायकोकडून जन्मभर ऐकलं होतं आणि दर वेळी चूक त्यांचीच निघाली होती. या वेळी ती दुसऱ्याची असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

“असेल,” ते म्हणाले. “माझ्या डोक्याचं काय खरं नाय.”

त्यांनी झब्बा काढून घडी घातली. बकुळा हॉस्पिटलात आया होती. ड्युटीला जाते म्हणून युनिफॉर्म घालून निघाली, पिशवीत रेशमी साडी होती. दारात बाबा म्हणाले, “ड्युटीला नव्या चपला घातल्यास?” ती भरभर जिना उतरली.

इकडे दादरच्या हॉलमध्ये संघमित्रा पांढऱ्या साडीत बसली होती. समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या मांडलेल्या. पण आसनावर आजोबा नव्हते, नायगावचेच कोंडीराम बौद्धाचार्य होते.

“आजोबा?”

“ताप भरलाय रात्रीपासून,” राजरत्न म्हणाला. “बकुळाकडेच झोपलेत. तू आता विचार करू नकोस.”

तिने मैत्रिणीच्या हातातला आपला फोन घेतला आणि आजोबांचा नंबर लावला. लागणार नाही, याची तिला जवळजवळ खात्री होती. लागला.

“आजोबा, बरं नाही का तुम्हाला? ताप आहे?”

“मला काय धाड भरलीय? तू बोल. तालीम करायची का फोनवर? आता काय, पुढच्या रविवारपर्यंत वेळच वेळ आहे.”

“पुढच्या रविवारी काय आहे आजोबा?”

पलीकडे भिवाबाबा हसले. “घ्या. तू पण विसरायला लागलीस. लग्न नाय का तुझं?”

तिने फोन कानापासून काढला. तिच्या समोर वडील उभे होते, त्यांच्या बाजूला रेशमी साडीतली आत्या. दोघांनीही खाली पाहिलं. आपल्याला तापाची थाप मारली, तेही संघमित्राने एक वेळ समजून घेतलं असतं. पण त्यांनी आजोबांच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर पाय दिला होता. त्यांच्या विसरण्याचाच त्यांच्यावर वापर केला होता. माणसं न ओळखणारा म्हातारा आसनावर बसून लग्न लावताना दिसला, तर पाहुण्यांना मारलेली थाप उघडी पडली असती ना.

ती उठली. तिचं बोलणं हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं.

“माझ्या आजोबांना म्हातारचळ लागलेला नाही. त्यांना एडीएचडी आहे, लहानपणापासून. मलाही आहे. तो लपवायला त्यांना वेडं ठरवलं. मी त्या दिवशी गप्प बसले. आज नाही बसणार. ते आल्याशिवाय मी प्रतिज्ञा घेणार नाही.”

“संघू, लोक बघतायत,” राजरत्न पुटपुटला.

“बघू देत पप्पा. सत्याला घाबरू नका, असं तुम्हीच म्हणता ना माइकवर?”

कोंडीरामांनी हातातलं पुस्तक मिटलं. “मला भिवाजी आजारी आहेत असं सांगितलं होतं. ते येईपर्यंत मी थांबतो,” ते म्हणाले.

संघर्ष तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. “हे मला आधी सांगायला हवं होतंस.”

“हो. हवं होतं.”

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “त्यावर आपलं भांडण होणारे. पण आधी आजोबांना आणू. चल.”

वडाळ्याचं दार भिवाबाबांनीच उघडलं. अंगात बनियन, हातात बकुळाच्या मिक्सरचं उघडलेलं झाकण. नातीची पांढरी साडी, केसांतली फुलं, मागे उभा असलेला नवरदेव, त्यांनी सगळं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“म्हणजे आजच होतं?”

“हो आजोबा.”

“मग मी विसरलो नव्हतो.”

“नाही.”

“राजूला माहीत होतं?”

ती रडायला लागली, तेच उत्तर होतं. भिवाबाबांनी मिक्सरचं झाकण टेबलावर ठेवलं. बराच वेळ ते घडी घातलेल्या झब्ब्याकडे बघत राहिले.

“गळ्याशपथ सांगतो पोरी,” ते म्हणाले, “मी सकाळपासून स्वतःला शिव्या घालत बसलो होतो.”

लग्न लागलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, संघर्षची प्रतिज्ञा झाली, आणि भिवाबाबा थांबले. नजर कुठेतरी लांब गेली. पहिल्या रांगेतून राजरत्न खाकरला, एकदा, मग पुन्हा. भिवाबाबांनी तिकडे मान वळवली नाही. संघमित्रा हळूच खाकरली, तेव्हा ते म्हणाले, “आता वधूची प्रतिज्ञा.”

त्या गोष्टीला आता काही महिने झाले. डॉक्टरीणबाईंची औषधं आणि शिस्त सुरू आहे, दूधही क्वचितच करपतं. संघर्ष आणि संघमित्राचं भांडण झालं आणि मिटलं. राजरत्नने वडिलांची माफीही मागितली, अगदी पायाशी बसून. बाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

पण रोज सकाळी उठलं की भिवाबाबा गॅलरीत येतात आणि शेजारच्या दारात जाऊन विचारतात, “मनू, आज वार कोणता?”

इकडे घरात राजरत्न पेपर वाचत बसलेला असतो. “गुरुवार, बाबा,” तो आतून सांगतो.

भिवाबाबांना ऐकू येतं, कान चांगले शाबूत आहेत. तरी ते मनू सांगेपर्यंत तिथेच उभे राहतात.