दादाच्या गाडीतला लाजरा आरसा

आमच्या पंढरीदादाला जगात दोनच गोष्टींचा अभिमान होता, स्वतःच्या खडीचा आणि स्वतःच्या गाडीचा. खडी तो तारापूरला चाललेल्या वीजकेंद्राच्या बांधकामाला पुरवायचा. गाडी त्याने तिथल्याच एका अमेरिकन साहेबाकडून घेतली. साहेब मायदेशी निघाला आणि त्याची लांबलचक, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली मोटार बोईसरजवळच्या सरावलीला आमच्या भाड्याच्या घरापुढे येऊन उभी राहिली. घर तिच्यापेक्षा जेमतेम हातभर लांब होतं, तेही पडवी धरून.

पण दादाचा खरा जीव गाडीपेक्षा तिच्या आरशात होता. मागून येणाऱ्या मोटारीचा दिवा चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यात एक सोय होती. आरशाच्या खालच्या कडेला हरभऱ्याएवढा काचेचा डोळा होता आणि त्याचं तोंड मागच्या बाजूला. त्यावर झगझगीत उजेड पडला की आतल्या तारांमधून वीज खेळायची, छोटंसं लोहचुंबक ओढ घ्यायचं आणि खट् करून आरसा कलायचा. काच एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. ती कलली की मागचा पारा गाडीच्या छताकडे बघत बसायचा आणि चालवणाऱ्याला नुसत्या काचेवरचं पुसट चित्र दिसायचं. उजेड गेला की पुन्हा खट्, आणि आरसा जागेवर.

हे सगळं मला पाठ आहे, कारण दादाने ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. दूधवाल्यालासुद्धा. त्याच्या खडीच्या खाणीवरच्या सुका नावाच्या गड्याला तर त्याने पुढे बसवलं आणि मागून माझ्याकडून बॅटरी मारवली. आरसा कलला तसा सुका तोंडावर हात धरून हसायला लागला.

"शेट, तुमचा आरसा लाजते हाय!"

"लाजत नाही रे. यंत्र आहे ते. अमेरिकेचं."

"कुठला पन असू दे. लाजते तर हाय," सुका म्हणाला आणि खाली उतरला. दादाचं तोंड पडलं, पण आम्हाला नाव मिळालं. आई आणि मी त्याला लाजरा आरसाच म्हणायला लागलो.

मी बांधकामावरच्या दवाखान्यात मलमपट्टीचं काम करायचे. संध्याकाळी दादा मला घ्यायला यायचा आणि मागच्या सीटवर बसवायचा. पुढे बसलीस तर लोकांना वाटेल शेटाची बायको आहे, असं त्याचं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. मागे बसले की मी त्याला आरशात दिसायचे. वडील गेल्यापासून माझ्यावर नजर ठेवणं हे त्याने दुसरं कंत्राट धरलं होतं. आधी मंदाचं, म्हणजे माझं लग्न, मग त्याचं स्वतःचं, असं तो चारचौघांत सांगायचा. त्यासाठी त्याने आमच्या गावाकडचा, गंगाखेडचा एक गिरणीवाला हेरलाही होता. विधुर, दोन मुलांचा बाप. "पीठ म्हणून कधी विकत आणावं लागणार नाही," दादा म्हणायचा. जशी काही मी पिठासाठी जन्माला आले होते! दिवाळी झाली की साखरपुडा ठरला होता, आणि मला विचारण्याची कुणाला आठवण झाली नव्हती.

आणि माझा जीव जडला होता नागोरावावर. क्रेन चालवायचा. तोही आमच्या गावाकडचाच, जिंतूरचा. पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हा त्याचं बोट चेचलं होतं. पुढे यायचा तेव्हा सगळी बोटं शाबूत असायची, तरी पट्टी बांधून घ्यायचा. दवाखान्यात चार माणसं असायची, त्यामुळे बोलणं व्हायचं नाही. मग त्याने एक जुनी फटफटी घेतली आणि दिवेलागणीला आमच्या गाडीमागून यायला लागला.

पहिल्या दिवशी मी जीव मुठीत धरून बसले होते. त्याचा दिवा आमच्या मागच्या काचेवर आला आणि पुढून आवाज आला, खट्! आरशातले दादाचे डोळे नाहीसे झाले. मला इतका आनंद झाला की मी त्या अमेरिकन साहेबाला मनातल्या मनात ओवाळलं.

तेव्हापासून बोईसरचा रस्ता आमचा झाला. खट् ऐकू आलं की मी सीटवर गुडघे टेकून मागे वळायचे. नागोराव दादाची नक्कल करायचा, मान ताठ, हनुवटी वर, एक भुवई उडवलेली. मी तोंडात पदर कोंबून हसायचे. एकदा खिडकीतून त्याला चिकू फेकला. त्याने तो झेलला आणि फटफटी थेट भाताच्या खाचरात घातली. दुसऱ्या दिवशी खरोखर पट्टी बांधावी लागली.

दादाला याचा पत्ता नव्हता. उलट तो खूश होता. "आपल्या रस्त्यावर रहदारी वाढायलीय," तो आईला सांगायचा. "रोज आरसा मिटतो म्हंजे रोज मागं मोटार असते. वीजकेंद्र होऊ दे, बोईसरची मुंबई होते का नाही बघ." त्या भरवशावर त्याने आणखी एक खाण घ्यायचा विचारही चालवला होता.

मग दसरा आला. आमच्या आईने, सोजराबाईने, गाडीची पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक, स्टिअरिंगला आपट्याची पानं, पुढे झेंडूचा हार. सगळीकडे हळदकुंकू लावून झालं तरी बोटाला थोडं ओलं कुंकू उरलं. ते तिने आत वाकून आरशाच्या त्या डोळ्यावर चांगलं दाबून लावलं आणि गाडीला हात जोडले. तेव्हा आम्ही कुणीच बघितलं नाही. सगळे आरतीत होतो.

दुसऱ्या संध्याकाळी वाटेतल्या पास्थळच्या अलीकडे नागोरावाचा दिवा मागच्या काचेवर आला. मला इतकी सवय झाली होती की खट् ऐकायला मी थांबलेच नाही. वळले, गुडघे टेकले आणि हात हलवला. तोही आरसा मिटलाय अशा समजुतीने अगदी जवळ आला होता. पण डोळ्यावर कुंकवाचा थर, उजेड आत शिरणार कुठून? आरसा टक्क उघडा राहिला. त्यात दादाला एकाच वेळी झगझगीत दिवा आणि सीटवर पाठमोरी, हात हलवणारी बहीण दिसली. त्याने डोळ्यांवर हात घेतला आणि करकचून ब्रेक दाबला.

फटफटी आमच्या बंपरवर आदळली. नागोराव बाजूच्या गवतात जाऊन पडला. मी दार उघडून धावले.

"नागोराव! लागलं का?"

"नाही नाही," तो गुडघा चोळत उठला. मग त्याची नजर माझ्या मागे गेली. दादा उभा होता.

"तुला याचं नाव ठाऊक आहे?" दादाने मला विचारलं.

उत्तराला न थांबता दादा आपल्या गाडीकडे वळला. मला वाटलं, आता टायर काढायची पहार येते. पण तो आरशापाशी गेला. नखाने कुंकू खरवडलं, रुमालाने डोळा पुसला आणि ओरडला, "दिवा लाव रे!" नागोरावाने आडवी पडलेली फटफटी उभी केली, दोन लाथांत चालू केली. दिवा लागला. खट्. बंद केला. खट्. पुन्हा लावला. खट्.

दादाने आरशाकडे बघितलं, मग फटफटीकडे.

"म्हंजे रोज हाच होता?" तो म्हणाला. "ती रहदारी?"

"हो," मी म्हणाले.

"मी नवी खाण घ्यायलो होतो ना गं!" त्याचा आवाज असा रडवेला झाला की नागोरावाला हसू आवरेना. त्याने खाली बघून घेतलं. मलाही हसू येत होतं, पण आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"दादा, मला गिरणीवाला नको. मी लग्न केलं तर यांच्याशी करीन."

"मग आजवर तोंड शिवलं होतं का? सांगितलं नाहीस ते!"

"कुणाला सांगू? तू मला आरशातच बघतोस. एकदा तरी मागं वळून विचारलंस का, मंदे, तुला काय पाहिजे म्हणून?"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फटफटी तेवढी फटफटत होती. दादा वाकला, बंपर चाचपला आणि नागोरावावर खेकसला, "बंपर चेंबलाय. भरून द्यायचा."

"देतो," नागोराव म्हणाला.

"आणि असं चोरासारखं मागं मागं यायचं नाही. घरी यायचं. वडलांना घेऊन." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पुढं बस."

"लोकांना वाटेल..."

"वाटू दे."

मी पुढे बसले. गाडी निघाली, मागे फटफटी निघाली आणि आरसा मिटला. दादाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोडं अंतर गेल्यावर त्याने घसा खाकरला.

"गिरणीवाल्याला काय कळवू?"

"कळव की पोरगी नको म्हणते."

"खरंच नको म्हणतीस?" असं म्हणून त्याने अख्खी मान माझ्याकडे वळवली आणि बघतच राहिला. लहानपणी जत्रेत मी हरवून सापडले होते, तेव्हा तो असाच बघत राहिला होता. माझे डोळे भरून आले, पण रडायला सवड कुठली? समोरून बैलगाडी येत होती.

"पुढं बघ, दादा!" मी किंचाळले. "पुढं!"