शेवटचं कडं

त्या दुपारी बाबा खाणीतल्या पाळीवरून आले, तेव्हा त्यांच्या भुवयांवर सिमेंट वाळलेलं होतं. सवयीनं त्यांनी हातोडीच्या दांड्यानं स्वयंपाकघराची भिंत वाजवून पाहिली.

"पोकळ आहे."

"भिंत राहू द्या, आधी हात धुवा," आई म्हणाली. "जिथे जाल तिथे ठोकत सुटायचं! लग्नाआधी मला घ्यायचं होतं वाजवून."

"घेतलं होतं की. मडकं पक्कं निघालं, आवाज तेवढा जास्त."

चहा पिऊन ते आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

बाबा खाणीत उतरायची उभी विहीर आतून बांधायचे. खडकात भोकं पाडायची, सुरुंग उडवायचे, दगड उपसायचा. मग उघड्या खडकाला साच्यातून काँक्रीटचं कडं घालायचं. कड्याखाली कडं, खनिज लागेपर्यंत. "लोक पायापासून बांधतात, मी छपरापासून," म्हणायचे. निघताना त्यांना "जपून जा" म्हटलेलं चालत नसे. "मग मलाच भीती वाटते." म्हणून आम्ही म्हणायचो, "येताना भाजी आणा."

तिसऱ्या दिवशी मुकादमकाका आले. बाबांनी ओतलेल्या शेवटच्या कड्याचा साचा काढला होता. पक्कं असेल तर काम पुढे. पोकळ असेल तर फोडायचं.

"आमचे कान यंत्रांनी खाल्ले, पोरी. बापाचा कान तुझ्याकडे आलाय का बघू."

आईनं हातोडी माझ्या हातात दिली.

माणसं नेणाऱ्या मोठ्या लोखंडी बादलीतून काका आणि मी विहिरीत उतरू लागलो. आभाळ ताटाएवढं झालं, मग बशीएवढं, मग बटणाएवढं. पाण्याचे थेंब आमच्या सोबतीनं तरंगत उतरत होते. आम्हीच स्थिर आहोत आणि बाबांची कडी, एकेक करत, सावकाश उजेडाकडे निघाली आहेत, असं वाटत राहिलं.

शेवटच्या कड्याशी बादली थांबली. पोकळ निघालं, तर त्यांचा शेवटचा दिवस माझ्या शब्दावर फोडला जाणार होता.

ठोकलं. भरीव, आखूड आवाज. सरकून पुन्हा ठोकलं. तोच. मग एकदम काहीतरी पोकळ वाजलं.

"माझा बूट गं, बादलीला लागला," काका ओशाळून म्हणाले.

मी उरलेलं कडं वाजवत गेले.

"पक्कं आहे, काका."

त्यांनी खाली हाक दिली. तळाशी भोकं पाडणारी यंत्रं धडधडू लागली. मी भिंतीवर तळवा ठेवला. घट्ट होताना काँक्रीट आतून तापतं, हे बाबांनीच सांगितलेलं. ते अजून कोमट होतं.

"जपून जा, बाबा," मी म्हणाले.