मोनाचं खाणं

एदिल्सोनने दुकानाचं शटर दुसऱ्यांदा खाली आपटलं तेव्हाही ऑक्ताव्हिओची बोटं त्याखालीच होती. पहिल्या वेळी म्हातारा किंचाळला होता. या वेळी नुसता आ वासून राहिला. चढावरच्या गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या.

"काय मिसळलंस त्यात? बोल!"

"काही नाही रे... नाही, भाऊ. आईशप्पथ. एकच पोतं आहे, सगळी गल्ली त्यातलंच नेते."

"माझी मोना तीन दिवस उठली नाही. लाल मुततेय. आणि तू शपथा खातोस!"

चड्डीत होता तेव्हापासून एदिल्सोन या दुकानातून गूळ न्यायचा. तेव्हा ऑक्ताव्हिओ त्याला 'अरे' म्हणायचा. पुढे कमरेला पिस्तूल आलं, तसा त्याचा 'भाऊ' झाला. आता मोना मांजर सोडली तर त्याला बघून न दचकणारं गल्लीत कुणी उरलं नव्हतं.

ऑक्ताव्हिओची बायको ओफेलिया गल्ल्यामागून बाहेर आली. ओरडली नाही, हातही जोडले नाहीत.

"झालं तुझं? मग उचल ते शटर. मला एकटीला उचलत नाही."

त्याने शटर वर केलं. दोन बोटं भलतीकडेच वळली होती. ती न बघता त्याने मांजराच्या खाण्याचं पोतं लाथेने आडवं केलं, पुरावा म्हणून मूठभर दाणे खिशात कोंबले आणि निघाला.

खाली बसथांब्यामागे जनावरांचा दवाखाना होता. मोनाला त्याने सदऱ्यात गुंडाळून नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या.

"हे बघा, हे विकतो तो दुकानवाला." त्याने दाणे टेबलावर टाकले.

बाईंनी दोन दाणे चुरडले, हुंगले. "भारी नाहीत, पण ताजे आहेत. याने असं होत नाही. आणखी काय देता?"

"आणखी म्हणजे चांगलंच. रोज संध्याकाळी कोंबडीची कलेजी. बाजारात उभा राहून निवडतो, जरा काळसर दिसली की परत करतो. हे असलं पोत्यातलं नुसतं कोण घालेल तिला?"

"उकडून?"

"ओगाओच्या मसाल्यात परतून. माझ्यासाठी करतो तोच. कांदा, टोमॅटो, लसूण. बोटं चाटते."

बाईंचा हात मोनाच्या पाठीवर थांबला.

"कांदा मांजराचं रक्त फोडतो. लसूणही. किती दिवस देताय?"

तो पिस्तूल टोचायला लागल्यासारखा खुर्चीत सरकला.

"जगेल बहुतेक," बाई म्हणाल्या. "दोन दिवस इथे राहू दे. पुढे साधी उकडलेली कोंबडी, मीठसुद्धा नको. आणि पाकीट घ्याल तर मागचं वाचून घ्या. पहिलं नाव मांसाचं हवं, मक्याचं नको."

तिसऱ्या दिवशी मोना घरी आली आणि खिडकीत चढून बसली. एदिल्सोन दुकानाकडे निघाला. दोनदा अर्ध्या वाटेवरून परतला, तिसऱ्यांदा पोहोचला.

ऑक्ताव्हिओचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. एदिल्सोनला पाहताच म्हातारा स्टुलावरून उठला.

"भाऊ, तुझंच बरोबर होतं. माल खराब होता. सगळं पोतं नाल्यात ओतलं बघ. चूक माझीच." डाव्या हाताने त्याने फळीवरचं सर्वांत महागाचं पाकीट काढलं. "हे ने. पैसे नकोत."

एदिल्सोनने पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलं नाव कोंबडीचं होतं. तरी तो वाचतच राहिला, शेवटच्या ओळीपर्यंत.

"मांजर कशी आहे?" ओफेलियाने विचारलं.

"बरी आहे."

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

त्याने पाकीट गल्ल्यावर ठेवलं. "खाण्यातूनच झालं म्हणाली."

"म्हणजे आमच्याच मालातून," ऑक्ताव्हिओ घाईने म्हणाला. "मी तेच सांगतोय ना."

ओफेलिया नवऱ्याकडे वळली नाही. ती एदिल्सोनकडेच बघत होती.

"कुणाच्या हातच्या खाण्यातून?" तिने विचारलं.

एदिल्सोनने खिशातून नोटा काढल्या.

"हिशेब कर, काका," एदिल्सोन म्हणाला. कित्येक वर्षांत त्याने म्हाताऱ्याला काका म्हटलं नव्हतं. "पूर्ण पैसे घे."

ऑक्ताव्हिओ आणखीच घाबरला.