ज्ञानी पोरगी

आसनच्या चौकात हेराशोभाची लेक पलिस्था 'ज्ञानी' म्हणून नावाजलेली होती. आमच्या काठमांडूत जे मूल हट्ट करत नाही, उलटून बोलत नाही, ते ज्ञानी. सात वर्षांची पोर, पण भोजाच्या पंगतीत तासभर चिडीचूप बसायची आणि पानातले कोरडे पोहे दह्यात भिजवून हळूहळू गिळायची. बायका विचारायच्या, "हेरा, कुठल्या देवाला पुजलं होतंस गं?" हेराशोभा वरवर "कसलं काय" म्हणायची, पण मनातून फुलून जायची.

मग शाळेत दात तपासणारे आले. त्यांनी सांगितलं म्हणून हेराशोभा पोरीला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यानं पलिस्थाच्या दोन किडक्या दाढा काढल्या, दोन दाढांवर चंदेरी टोप्या बसवल्या. तीन आठवड्यांत घरात भलतीच पोर नांदायला लागली. कोरडे पोहे मूठमूठ कडाकडा चावायची. शेजारच्या रोजनला तिनं अंगणात लोळवलं. 'वर्गात फार बोलते' अशी शाळेतून चिठ्ठी आली. हेराशोभाला हसावं की रडावं कळेना. दाढा बऱ्या झाल्या ते झ्याकच झालं, पण मग आपली पोरगी कुठं गेली? झोपताना आईचा तळहात गालाखाली घेऊन पडायची, तेही सुटलं. आता पलंगाच्या पार दुसऱ्या टोकाला हातपाय पसरून झोपायची. त्या रिकाम्या हाताचं हेराशोभाला फार वाईट वाटायचं.

सासूकडे उत्तर तयारच होतं. "दाताच्या देवाच्या दारावरून डॉक्टरकडे गेलीस नि नाणं ठोकलं नाहीस. दाढा उपटल्या, भोकं तशीच रिकामी. त्यात काय शिरलंय कोण जाणे."

"काहीतरीच काय, आई."

"असू दे काहीतरीच. हातोडी घे नि जा."

हेराशोभा गप्प बसली. शनिवारी पोरीला घेऊन निघाली.

देव म्हणजे भिंतीतला एक जुना लाकडाचा ओंडका, दाढदुखी जावी म्हणून लोकांनी ठोकलेल्या खिळ्यांनी आणि नाण्यांनी मढलेला. आजूबाजूला ओळीनं दातांचे दवाखाने. हेराशोभानं नाण्यावर खिळा धरला, हातोडी उचलली आणि थांबली. मागायचं काय? दुखणं जाऊ दे म्हणावं, तर ते गेलंच होतं. पोरगी पहिल्यासारखी कर म्हणावं, तर जीभ रेटेना.

"ठोक ना आई."

"थांब गं. तू अशी कशी बदललीस? पहिली किती शहाणी होतीस."

"पहिलं दुखायचं ना."

"मग सांगायचं नाही?"

पलिस्था गोंधळली. "सगळ्यांचंच दुखतं ना? मला वाटलं, तोंड असंच असतं."

"आणि माझा हात गालाखाली घ्यायचीस तो?"

"गार असायचा म्हणून."

ज्याला हेराशोभा माया समजत होती, ते दुखणं होतं. गावभर मिरवली ती पोरीची कळच. आता देवाला काय सांगायचं, कुणाची माफी मागायची, तिला काही उमगेना. खिळा हातातच राहिला.

पलिस्था तिच्या तोंडाकडे निरखून बघत होती. "आई, तू पण आजी बोलली की गप्प बसतेस. तुझं कुठं दुखतं?"

"माझं? कुठं नाही गं."

"खोटं. आ कर बघू," पोरगी टाचा उंचावत म्हणाली.

आणि काही न सुचून हेराशोभानं भर रस्त्यात आ केला.