कंसातले चार

आहुप्याच्या डोंगरातल्या निवासी शाळेत पोरींची फुटबॉलची टीम निघाली, तेव्हा कोंडाबाईच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता भाकऱ्या जास्त लागणार. ती वसतिगृहाची स्वयंपाकीण. माहेर-सासर दोन्ही आहुप्यातच. दीडशे लेकरांचा भात ती नुसत्या अंदाजाने लावायची आणि तो कधी करपायचा नाही की उरायचा नाही. पंचेचाळिशीची होती. दहा-अकरा वर्षांपूर्वी गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा चुलीपुढून उठून जाऊन बसली होती. जोडाक्षरं अजून अडत होती, पण आकडे तिला सरळ कळायचे.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात घोडेगावला आंबेगाव आणि जुन्नर अशा दोन तालुक्यांच्या शाळांचे सामने ठरले. पोरींबरोबर एक बाईमाणूस पाहिजे, असा नियम होता. शाळेतल्या दोन शिक्षिकांपैकी एक बाळंतपणाच्या रजेवर, दुसरी ट्रेनिंगला. हेडमास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"जाते की," कोंडाबाई म्हणाली. "माझ्या मागं भात कोण लावणार, तेवढं तुमी बघा."

खेळाचे ज्ञानेश्वर सर, अकरा पोरी, तीन जादा आणि कोंडाबाई अशी वरात पहाटेच्या एसटीने घोडेगावला उतरली. पहिला सामना सकाळीच, जुन्नरच्या टीमशी. कोंडाबाई रेषेबाहेर पिशव्यांपाशी बसून राहिली. खेळातलं तिला फार काही उमगत नव्हतं, पण आपल्या पोरींनी दोनदा आणि समोरच्यांनी एकदा चेंडू जाळीत घातला, एवढं तिने नीट पाहिलं. सामना संपला आणि मैदानाच्या कडेच्या फळ्यावर कुणीतरी खडूने लिहिलं: जुन्नर १ – आहुपे २.

कोंडाबाईने ते वाचलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिने गोलकीपर मोहिनीला हाक मारली. "अगं, आपला दुसरा नंबर कसा काय? मी तर बघितलं, दोन डाव तुमीच घातलाय."

मोहिनी हसत सुटली. दहावीतली, हाडापेराने दणकट पोर. "मावशी, तो नंबर न्हाई. ते गोल हायत. जुन्नरचा एक, आपले दोन. आपण जितलो!"

"मंग आपलं नाव मागं का?"

"नाव मागं-पुढं कसंबी असतं. कागदावर ज्याचं आधी आलंय त्याचं आधी. जितलं कोण ते नावाच्या जागेवर बघायचं न्हाई, नावाच्या शेजारच्या आकड्यावर बघायचं."

"म्हंजी डब्यावर जे नाव, तेच आत धान्य."

"बरोब्बर!"

दुपारी सावलीत भाकरी खाताना कोंडाबाईने पुन्हा विषय काढला. तिची ती सवयच होती. एखादी गोष्ट अर्धी कळली की तिला घास गोड लागायचा नाही. "आन दोघींचे सारखेच गोल झाले तर?"

मोहिनीने काडी घेऊन मातीत १ – १ काढलं. "मंग पेनल्टी. पाच-पाच जणींनी एकेक लाथ मारायची, समोर नुसती गोलकी. त्यात जितके व्हतील ते असे कंसात लिवायचे."

"कंसात? किस्नाच्या मामाच्या पोटात?"

सगळ्या पोरी फिस्सकन हसल्या. मोहिनीने शेजारी ४ काढून त्याच्या दोन्ही अंगांना वाकड्या रेघा ओढून दाखवल्या. "ह्याला कंस म्हणत्यात."

"मंग एक आन कंसातले चार, असे पाच गोल झाले?"

"न्हाई मावशी, ते मिळवायचे न्हाईत. सामना बरोबरीतच ऱ्हातो, एक-एक. कंसातलं नुसतं एवढंच सांगतं, की फुडं कोण जाणार."

कोंडाबाईने मान डोलावली आणि मगच पुढची भाकरी मोडली.

दुसऱ्या सामन्याची, म्हणजे फायनलची वेळ दोनची होती. समोर लोणीच्या पोरी. उंच, चपळ, एकसारख्या निळ्या कपड्यातल्या. त्यांच्याबरोबर अश्विनी मॅडम नावाच्या तरुण शिक्षिका होत्या. लोणीने सुरुवातीलाच गोल केला. आहुप्याच्या पोरींनी तो उत्तरार्धात फेडला. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना यमुना नावाची पोर घसरून पडली आणि तिच्या घोट्याने टम्म सूज धरली. ज्ञानेश्वर सरांनी तिला कुणाच्या तरी मोटारसायकलवर मध्ये बसवलं आणि दवाखान्याकडे निघता निघता ओरडले, "मावशी, पोरींकडं बघा! मी आलोच!"

ते काही लगेच येणार नव्हते, हे कोंडाबाईला दिसतच होतं. ती पिशव्यांपासून उठली आणि रेषेवर येऊन उभी राहिली.

सामना एक-एकवर सुटला. पंचांनी नाणं उडवलं, आहुप्याने पहिली लाथ घेतली. आहुप्याच्या पहिल्या दोन्ही जाळीत गेल्या आणि तिसरी बारवरून उडाली. लोणीची दुसरी खांबाला लागली. चार-चार लाथा झाल्या तेव्हा दोघींचे तीन-तीन. पाचवी आहुप्याची जाळीत गेली. मग लोणीची सगळ्यात उंच पोर आली. तिने चेंडू जोरात हाणला आणि मोहिनी डावीकडे अशी झेपावली, की चेंडू तिच्या पंजांना लागून बाहेर गेला. पोरींनी तिला मातीतच दाबून टाकलं. कोंडाबाई ओरडत नव्हती, पण पदराचं टोक तिने दातात घट्ट धरलं होतं.

कप मिळाला, फोटो निघाला. पाहुणे गाडीत बसून गेले. तेव्हा चार वाजून गेले होते आणि आहुप्याची शेवटची एसटी साडेचारला होती. पोरी पिशव्या खांद्याला लावून तयार झाल्या, इतक्यात टेबलापाशी बसलेल्या भगवंत सरांनी हाक दिली. सगळ्या सामन्यांचं लिखाण त्यांच्याकडे होतं.

"आहुप्याचं कोण आहे? निकालपत्रकावर सही करा. जिल्ह्याच्या सामन्यांसाठी आज संध्याकाळच्या टपालात पुण्याला जायचंय."

कोंडाबाई पुढे झाली. सरांनी पेन तिच्या हातात दिलं आणि बोट ठेवून जागा दाखवली. "इथं."

"आधी वाचते," ती म्हणाली.

"अहो बाई, वाचायचं काय त्यात? सगळ्यांसमोर झालाय सामना."

तरी ती वाचू लागली. एकेक अक्षर, ओठ हलवत. वर लोणीचं नाव, खाली आहुप्याचं. दोन्हींपुढे एक. ते ठीक होतं. मग कंस. लोणीपुढे कंसात चार. आहुप्यापुढे कंसात तीन.

तिने पेन टेबलावर ठेवलं. "हे उलटं झालंय."

भगवंत सर चष्म्यावरून बघू लागले. "काय उलटं?"

"कंसातलं. चार आमचे, तीन त्यांचे. नावाशेजारी ज्याचा आकडा त्याचा पायजे ना?"

"बाई, तुम्ही स्वयंपाकाला आहात ना शाळेत?" सर हसून म्हणाले. त्यात कुजकेपणा नव्हता, घाई होती. "कंसातले आकडे गोल म्हणून मोजत नाहीत. सामना एक-एकच. तुम्ही जिंकलात, कप तुमच्या हातात आहे. आता कशाला काळजी?"

"मोजत न्हाईत हे मला ठावं हाय. पण फुडं कोण जाणार ते कंसच सांगतो ना? हितं सगळ्यांनी बघितलं, खरंय. पुण्यात कुणी बघितलंय? तिथं कप न्हाई जायचा, ह्यो कागद जायचा."

मागून एक पोर कुजबुजली, "मावशी, एसटी जाईल." कोंडाबाईने वळून न बघता सांगितलं, "जाऊ दे."

सरांना आता राग यायला लागला होता. सकाळपासून उन्हात बसून त्यांनी सगळे कागद एकट्याने भरले होते. ते म्हणाले, "माझ्या खुणा बघा. प्रत्येक लाथेला खूण केलीय मी." त्यांनी खालची चौकट दाखवली. वरच्या ओळीत बरोबर, बरोबर, फुली, बरोबर, बरोबर. खालच्या ओळीत बरोबर, फुली, बरोबर, बरोबर, फुली.

कोंडाबाईने त्यावर पाण्याने सुरकुतलेलं बोट ठेवलं. "शेवटची लाथ कुणी मारली सर?"

"लोणीच्या मुलीने."

"गेली?"

"नाही. तुमच्या गोलकीपरने अडवली."

"मंग ती फुली लोणीच्या ओळीत पायजे. हितं ती आमच्या नावाफुडं हाय."

सरांनी पहिल्या खुणेपासून बोट फिरवत दोन्ही ओळी तपासल्या. मग त्यांनी चष्मा काढला. पहिली लाथ आहुप्याची होती, म्हणून पहिली खूण त्यांनी सवयीने वरच्या ओळीत केली होती, आणि वरच्या ओळीला नाव होतं लोणीचं. तिथून पुढे सगळ्याच खुणा एकमेकींच्या घरात गेल्या होत्या.

अश्विनी मॅडम बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांची सही आधीच होऊन गेली होती. त्या पुढे आल्या. "सर, मावशी बरोबर सांगतायत. मीही न वाचताच सही केली. आमची दुसरी खांबाला लागली होती, ती फुलीही खालीच आहे बघा." हरलेल्या टीमच्या बाईने असं म्हटल्यावर भगवंत सरांनी कागद पुढे ओढला. नळावर पाय धूत असलेल्या पंचांना बोलावून आणलं. त्यांनी खिशातली छोटी वही उघडली, जुळवून पाहिलं, चुकीचे आकडे आडव्या रेघेने खोडले, बरोबर आकडे वर लिहिले आणि शेजारी आपली छोटी सही केली. भगवंत सरांनी नावापुढच्या खुणाही नीट करून घेतल्या. अश्विनी मॅडमनी पुन्हा सही केली.

मग कोंडाबाईने पेन उचललं. पूर्ण नाव लिहायला तिला बराच वेळ लागला. कुणीही घाई केली नाही.

एसटी अर्थातच गेली होती. यजमान शाळेने एक वर्ग उघडून दिला. कोंडाबाईने त्यांच्या स्वयंपाकखोलीची चावी मागून घेतली आणि दिवेलागणीच्या आत खिचडी शिजायला टाकली. ज्ञानेश्वर सर यमुनेला घेऊन परतले तेव्हा तिच्या पायाला जाड पट्टी होती आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. "एसटी सोडली मावशी? पंधरा पोरी-बायका घेऊन आता..."

मोहिनीने त्यांना सगळं सांगितलं. सर भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "मी असतो तर सही करून मोकळा झालो असतो."

"तुमाला एसटीची घाई असती," कोंडाबाई म्हणाली आणि यमुनेला पहिलं ताट दिलं.

बारा दिवसांनी पुण्याहून पत्र आलं: जिल्ह्याच्या सामन्यांसाठी आहुप्याच्या मुलींना बोलावलं होतं. कोंडाबाई पुन्हा बरोबर गेली. या वेळी कुणी नियमाचं कारणही सांगितलं नाही. पुण्याच्या पोरी बुटांनी खेळत होत्या आणि पाण्यासारख्या पळत होत्या. आहुप्याच्या पोरी झगडल्या, पण हरल्या, तीन-शून्यने. मोहिनीने नऊ वेळा चेंडू अडवला. कोंडाबाईने बोटांवर मोजले होते.

निकालाचा कागद आला तेव्हा ज्ञानेश्वर सरांनी तो न बघताच तिच्याकडे दिला. तिने नावं वाचली, आकडे वाचले. आपल्या नावापुढचं शून्य बरोबर जागी होतं. तिने लिहिणाऱ्या तरुण मास्तरला विचारलं, "आमच्या पोरीनं नऊ अडवले. ते कुठं लिवत्यात?"

"ते लिहीत नाहीत मावशी. तेवढी जागाच नसते."

"मंग कागद जरा आखूडच हाय तुमचा," ती म्हणाली, सही केली आणि पोरींना पिशव्या उचलायला सांगितल्या. या वेळी एसटीला अजून पाऊण तास होता. तेवढ्यात त्यांना भेळ खाता येणार होती.