शेपटीवरची एक रेघ

मी एक पांढरा उंदीर. अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत, चार नंबरच्या पिंजऱ्यात राहतो. मला नाव नाही. शेपटीवर काळ्या मार्करची एक रेघ होती, तीच माझी ओळख.

जन्मही पिंजऱ्यातलाच. माती मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिची आठवणही येत नाही. इफ्फत मॅडमनं मला पहिल्यांदा उचललं तेव्हा मी अडीच महिन्यांचा होतो. ती बाळापूरची, इथं संशोधन करते. सुई टोचायच्या आधी ती माझ्या पाठीवरून अंगठा फिरवायची. माणसं ज्याला दुखवणार असतात त्याला आधी कुरवाळतात, हे मी तेव्हाच शिकलो.

पहिलीच चाचणी, म्हणून आम्ही चौघंच होतो, एकाच पिंजऱ्यात. गुंगी देऊन चौघांच्याही मेंदूत गाठीच्या पेशी सोडल्या. दोघांना जशाच्या तशा. दोघांना जनुक बदललेल्या, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना चोर ओळखू यावा अशा. बदललेल्या पेशीवाल्यांना शेपटीवर एक रेघ, बाकीच्यांना दोन. वहीतही तेवढंच लिहिलं.

मग मॅडम लग्नाच्या रजेवर गेली. शाई पुसट होते, दर तीन दिवसांनी रेघा पुन्हा ओढा, असं नत्थुजींना सांगून गेली. नत्थुजी चांदूर बाजारचे. पिंजरे धुतात आणि धुताना आमच्याशी बोलतात. रेघा त्यांनी इमानानं ओढल्या. पण नवी नवरी कामावर येणार त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळं घासूनपुसून लख्ख केलं. पिंजरा, पाण्याच्या बाटल्या आणि आमच्या शेपट्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं झाकण उघडलं. चार गुलाबी शेपट्या. तिनं एकेक शेपटी उचलून उजेडात धरली.

"नत्थुजी, रेघा?"

"पुसल्या जी. लगन होऊन पह्यल्यांदा येऊन राह्यल्या तुमी, मळकट कायले दिसावं म्हटलं. आता तुमी ताज्या वढसान."

ती रागावली नाही. हातमोजे काढले, मेंदीच्या हातांनी वही उघडली आणि मिटली. मग नत्थुजींच्या ध्यानात आलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

मी कोणता, ते मला ठाऊक होतं. पण उंदराला कोण विचारतं?

तीन आठवड्यांत दोघं कलंडून चालू लागले, खाणं सुटलं, गेले. पाठोपाठ तिसराही गेला. तो माझ्यासारखाच, एका रेघेचा. त्याच्या पहारेकऱ्यांना उशीर झाला. मी मात्र खात राहिलो. उरल्याचं सुख झालं नाही, दुःखही नाही.

मॅडमच्या मार्गदर्शक सरांनी तिला सांगितलं, जगला म्हणजे बदललेल्या पेशींचाच असणार, तसं लिही, प्रबंध अडकवून ठेवू नकोस. तिनं मान खाली घालूनच उत्तर दिलं.

"सर, कधीकधी साध्या पेशीही रुजत नाहीत. हा का जगला, तेच तर शोधायचं होतं. ते आधीच धरून चाललं, तर शोधलं काय?"

प्रबंध सहा महिने पुढे गेला. सासरी काय सांगायचं, त्याची जुळवाजुळव ती पिंजऱ्यासमोर उभी राहून करत होती.

आज तिनं वहीत लिहिलं: गट अनिश्चित, वगळला. मग गॅस सोडायची काचेची पेटी पुढे ओढली.

"मंग याले काहून मारता?" नत्थुजी म्हणाले. "मोजलाच नाही, तर मी घरी नेतो ना जी."

"याच्या अंगात काय सोडलंय ते आपल्यालाच सांगता येत नाही, नत्थुजी. म्हणून तर दाराबाहेर नेता येत नाही."

नत्थुजींनी मला स्वतःच्या हातानं त्या पेटीत ठेवलं.

सोमवारी चार नवे येणार आहेत. त्यांच्या कानांना भोकं पाडून खुणा करायचं ठरलंय. त्यांच्यातला एखादा जगला, तर तो मोजला जाईल. मॅडम, त्याच्याबद्दलही जे दिसेल तेवढंच लिहा. आणि पिंजरे नत्थुजींनाच धुऊ द्या, त्यांचा हात हलका आहे.

पेटीतली हवा बदलतेय. पाय जड झालेत. माणसं निघताना 'येतो' म्हणतात. मी जातो.