हातांना विश्रांती

हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या त्या मोठ्या लाँड्रीत तिला सगळे वहिनी म्हणत. काम दोघींनी मिळून करायचं. ओल्या चादरीची दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, दोघींनी एकदम झटका द्यायचा, सुरकुत्या मोडायच्या आणि चादर इस्त्रीच्या गरम रुळांत सरकवायची. कोरडी असताना हलकी वाटणारी चादर भिजली की हात ओढून काढते. वहिनीचा झटका नेमका बसायचा. वर्षानुवर्षं बसला. मग एका सकाळी घरी चहाचं पातेलं उचलताना उजव्या कोपरातून अशी कळ निघाली की पातेलं ओट्यावरच आडवं झालं.

नवरा तिच्याकडे पाठ करून दाढी करत होता. त्याला पातेलं पडल्याचा आवाज आला नाही, तो जन्मापासून बहिरा होता. पायाला गरम ओघळ लागला तेव्हा तो वळला आणि खुणेनं विचारलं, "भाजलं का?"

"नाही," तिने डाव्या हाताने सांगितलं आणि फडकं घेतलं.

दुखणं तिने बरेच दिवस अंगावर काढलं. मग अंगठ्याच्या मुळाशी सूज आली, किल्ली फिरेना, वेणी घालता येईना. डॉक्टरांनी मनगटात इंजेक्शन दिलं, दोन्ही हातांना अंगठ्यापासून कोपराखालपर्यंत कडक पट्टे बांधले, लाँड्री बंद करायला सांगितली आणि फिजिओथेरपीच्या बाईंकडे धाडलं.

बाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. गरम मेणात हात बुडवायला लावायच्या, रबरी गोळा दाबायला द्यायच्या, टेबलाच्या कडेवरून मनगट खाली सोडून छोटं वजन हळूहळू उतरवायला सांगायच्या. वहिनी सगळं मनापासून करायची. डावा हात सुधारला. उजवा मात्र आहे तिथेच.

"काम खरंच बंद आहे ना?" एक दिवस बाईंनी विचारलं.

"बंद आहे."

"धुणं? भांडी?"

"नणंद येऊन करून जाते."

"मग घरी या हाताने करता काय तुम्ही?"

"बोलते," वहिनी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. नवऱ्याला शाळेत कधी घातलंच नाही, त्यामुळे लिहिणं-वाचणं नाही. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करताना दोन बहिऱ्या कारागिरांकडून तो खुणा शिकला, आणि लग्नानंतर त्याच्याकडून ती. घरी आलं की ती पट्टा सोडते. पट्टा बांधून खुणा म्हणजे तोंडात बोळा कोंबून बोलण्यासारखं.

बाईंनी तिचा अंगठा हलकेच वर-खाली करून पाहिला. "अंगठा उचलणारी आतली शीर झिजत चालली आहे," त्या म्हणाल्या. "या हाताला विश्रांती नाही मिळाली, तर ती तुटेल. थोडे दिवस बोलणं बंद ठेवा. मला कळतंय मी काय सांगतेय ते."

संध्याकाळी तिने त्याला समजावलं. तो हसला. "लग्नानंतर पहिल्यांदा शांतता," त्याने खुणा केल्या आणि स्वतःच तिचा पट्टा घट्ट बांधला.

पहिले काही दिवस मजेत गेले. तो बोलायचा, ती मानेनं उत्तर द्यायची. कारखान्यातला मालक, नवीन आलेला उर्मट सुतार, पॉलिशचा हलका झालेला माल, सगळं तो रंगवून सांगायचा. पण समोरच्याची नुसती मान हलत असली की बोलणाऱ्याचाही दम सरतो. तो जेवून लवकर झोपायला लागला. मग कारखान्यातच उशिरापर्यंत थांबायला लागला. तिथे निदान दोन माणसं त्याच्याशी बोलत होती. वहिनी भिंतीकडे बघत रबरी गोळा दाबत बसायची. सूज उतरत होती. बाई खूश होत्या.

अशात एका दुपारी नणंदेचा फोन आला. "वहिनी, आईचं काही खरं नाही. दादाला घेऊन लगेच ये."

सासूबाई हॉस्पिटलच्या खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. श्वास तोकडा झाला होता, शुद्ध मात्र पक्की. मुलाशी बोलायच्या त्यांच्या खुणा मोजून चार: ये, जा, जेव, झोप. त्यापुढचं काहीही त्या सुनेकडे बघून म्हणायच्या आणि सून त्याला सांगायची. लग्नापासून असंच चाललं होतं.

"बस त्याला म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. तो बसला. "आता मी बोलते, तू सांग. सगळं सांग. नेहमीसारखं आटपू नकोस."

वहिनी चमकली. सासूबाईंचं पाल्हाळ ती कायम दोन खुणांत उरकायची. म्हातारीच्या ते कधी लक्षात आलं असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"वहिनी, तुझा हात..." नणंद म्हणाली.

वहिनीने दाताने पट्ट्याची गाठ ओढली.

फार मोठं काही गुपित नव्हतं. तू पोटात असताना मला आंबट खावंसं वाटत नव्हतं. कुत्र्याला भ्यायचास, तुला भुंकणं ऐकू यायचं नाही आणि ते एकदम पायाशी दिसायचं. तुझ्या बापाने शिवलेला सदरा तू तीन वर्षं घातलास. तू चालायला लागलास तेव्हा मी पाठीमागून हाका मारायची, उगीचच, कधीतरी वळशील म्हणून. सासूबाई बोलत होत्या, थांबत होत्या, श्वास गोळा करून पुन्हा बोलत होत्या, आणि वहिनीचे हात त्यांच्या मागे मागे जात होते. त्याने एकदाही डोळे हातांवरून काढले नाहीत. मग त्यानेही विचारलं, आणि वहिनी त्याचं तोंडाने आईला सांगत राहिली. बाप कसा होता? मी रडायचो तेव्हा आवाज कसा यायचा?

"चांगला खणखणीत," सासूबाई म्हणाल्या. "शेजारणी भांडायला यायच्या."

तो हसला तेव्हाच वहिनीच्या मनगटात काहीतरी सुटलं. दुखलंसुद्धा नाही फारसं. दोरा तुटावा तसं. अंगठा खाली लोंबला आणि वर येईना. तिने तो बोटांशी दाबून धरला आणि पुढे सांगत राहिली. खुणा वेड्यावाकड्या व्हायला लागल्या. एकदोनदा त्याने कपाळाला आठ्या घालून "पुन्हा?" विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.

उन्हं कलली तेव्हा सासूबाई झोपल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या.

सगळं आवरल्यावर ती फिजिओथेरपीला गेली. बाईंनी अंगठा हातात घेतला, सोडला. तो पडला. त्या रागावल्या नाहीत, आणि वहिनीला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या बोटाची शीर वळवून अंगठ्याला जोडली. पुन्हा पट्टा, पुन्हा मेण, पुन्हा रबरी गोळा, या वेळी सगळ्यांत मऊ. घरचा व्यायाम नवरा करून घ्यायचा. एक एक बोट धरून हळूच वाकवायचा आणि नजर तिच्या चेहऱ्यावर ठेवायचा, कारण ती कण्हलेली त्याला कळणार नव्हती. कळ आली की ती दात आवळायची, चेहरा हलू द्यायची नाही. मग तो आणखी वाकवायचा.

अंगठा हलायला लागला, पण अर्धाच. लाँड्रीने तिला परत घेतलं नाही. एका दवाखान्यात बाहेर बसून नंबर पुकारायचं काम मिळालं. तोंडाचं काम. दिवसभर ती मोठ्याने माणसांना हाका मारते.

घरी मात्र बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. तिच्या कितीतरी खुणा आता एकमेकींसारख्याच दिसतात. तो अंदाज बांधतो, चुकतो, ती पुन्हा करते, हात भरून येतो. सोप्या चार गोष्टी तेवढ्या राहिल्या.

परवा तो कारखान्यातून आला तो रागाने लाल झालेला. उभ्या उभ्याच सांगायला लागला: तो उर्मट सुतार, फेकलेला डबा, मालकाने कुणाची बाजू घेतली. वहिनीला खूप विचारायचं होतं. तुला लागलं का, तू काय म्हणालास, उद्या जाणार आहेस का. त्याला जवळ बसवून एक एक करून विचारायचं होतं.

तिने हात उचलला. "मग?" एवढंच झालं.

"मग काही नाही," त्याने सांगितलं आणि तो हातपाय धुवायला गेला.